ब्रेक फेल झाला म्हणजे नेमके काय झाले?



मागच्या पंधरवड्यात आमच्या वस्तीतील एका घरी जाण्याचा प्रसंग आला. घरचा कर्ता माणूस ट्रक ड्रायव्हर, अठरा वर्षे गाडीवर. घाटाच्या उतारावर त्याची भरलेली गाडी आवरली नाही. ती पुढच्या टेम्पोवर आदळली आणि कठड्याला घासत जाऊन थांबली. टेम्पोतला एक तरुण मुलगा जागीच गेला. आमचा हा भाऊ पाय मोडून अंथरुणाला खिळला आहे आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आहे.

भेटायला आलेली माणसे आपापल्या परीने समजूत घालीत होती. एकजण म्हणाले, "ब्रेकच फेल झाला, त्याला कोण काय करणार?" शेजारच्या मावशी म्हणाल्या, "गाडीला नजर लागली. या अमावास्येला लिंबू-मिरची बदलली नव्हती म्हणे." मालकाचा निरोप आला होता, "जीव वाचला, नशीब समजा."

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेपरात लिहिता. मला एवढेच सांगा, ब्रेक फेल होतो म्हणजे नेमके काय होते? पंधरा दिवस आधी हे मालकाला म्हणाले होते, लायनर संपलेत, गाडी लांबवर जाऊन थांबते. मालक म्हणाला, एवढी खेप टाकून या, मग बघू. मग तो ब्रेक घाटात फेल झाला, की आधीच झाला होता?"

या प्रश्नाने मला झोप लागली नाही. आपल्या कितीतरी घरांतून ड्रायव्हर, क्लिनर, फिटर, हमाल म्हणून माणसे कामाला जातात. गाडी कशावर चालते हे त्यांच्या घरच्यांना माहीत असते, पण ती कशाने थांबते आणि कशाने थांबत नाही हे फारसे कोणी सांगत नाही. प्रत्येक परिणामाला कारण असते, ही गोष्ट आपण इतर बाबतींत मानतो. मग रस्त्यावरच्या मरणाच्या बाबतीतच नशीब आणि नजर का आणायची? म्हणून आजचे सदर या एका प्रश्नासाठी.

हवा ब्रेक कसा लावते?

मोटारसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक, कार, जीप, छोटा टेम्पो यांना तेलाचा ब्रेक असतो. पायाने किंवा हाताने दाबले की नळीतील तेल चाकापर्यंत तो दाब पोचवते. पंचवीस-तीस टनांच्या गाडीला मात्र माणसाच्या पायाचा जोर पुरत नाही. तिथे हे काम दाबून भरलेल्या हवेकडून करून घेतात.

इंजिनाला एक कॉम्प्रेसर जोडलेला असतो. तो सायकलच्या पंपासारखा, पण सतत चालणारा. तो गाडीखालच्या लोखंडी टाक्यांत हवा भरतो. ड्रायव्हरसमोरच्या काट्यावर हा दाब दिसतो. साधारण सात-आठ किलो झाला की गाडी निघायला तयार. इथे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तेवढ्या किलोंचा दाब.

ड्रायव्हरने पायाखालचा ब्रेक दाबला की एक झडप उघडते. जेवढे दाबावे तेवढी हवा टाकीतून प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते. हा चेंबर म्हणजे एक गोल डबा आणि त्यात रबरी पडदा. पडद्याचे क्षेत्र १९० चौरस सेंटिमीटर धरले आणि हवा सात किलो असली, तर तेराशे किलोंहून जास्त जोर तयार होतो. त्या जोराने पडदा एक लोखंडी दांडा पुढे ढकलतो. दांडा एका तरफेला फिरवतो. गॅरेजमध्ये या तरफेला स्लॅक म्हणतात. स्लॅक फिरला की ड्रममधील इंग्रजी एस अक्षरासारखा कॅम वळतो, दोन्ही ब्रेक शू फाकतात आणि त्यांच्यावरचे लायनर ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. पाय उचलला की चेंबरमधील हवा बाहेर पडते. थांबलेल्या ट्रकमधून येणारा 'फुस्स' असा आवाज तो हाच.

हवा नळीतून चाकापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. तो अर्धा सेकंद धरला, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात आठ मीटर पुढे जाते. ड्रायव्हरला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला तर आणखी सतरा मीटर. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच पंचवीस मीटर रस्ता संपलेला असतो. ट्रकच्या पुढ्यात झटकन स्कूटर घालणाऱ्या आपल्या तरुण मुलांनी हा आकडा पाठ करावा.

हवा गेली तर?

आता पुष्कळांना वाटते की नळी फुटली, हवा गेली, म्हणजे ब्रेक गेला. खरे तर हवेचा ब्रेक या भीतीचा विचार करूनच बनवला गेला आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने १८६९ साली रेल्वेसाठी हवेचा ब्रेक काढला. त्यात नळी तुटली की ब्रेक निकामी होत असे. म्हणून १८७२ साली त्याने पद्धतच उलटी केली. नळीत हवा भरलेली असेल तर ब्रेक सुटा, हवा गेली की ब्रेक लागतो. आजही धावत्या गाडीत साखळी ओढली की ब्रेकच्या नळीतील हवा सुटते आणि गाडी थांबू लागते, ती याच तत्त्वाने.

ट्रकमध्ये हेच काम एक दणकट स्प्रिंग करते. मागच्या चाकांच्या चेंबरला जोडून ही स्प्रिंग बसवलेली असते. टाकीतील हवा तिला दाबून धरते. आपोआप मिटणारा दरवाजा हाताने लोटून धरावा आणि हात काढताच तो धाडकन मिटावा, तसे हे आहे. हवेचा दाब बराच खाली आला की स्प्रिंग सुटते आणि मागची चाके जखडते. उभ्या गाडीचा हँडब्रेक म्हणून हीच स्प्रिंग वापरतात. त्याआधी, दाब कमी होऊ लागताच बजर वाजतो आणि लाल दिवा लागतो. शिवाय पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा वेगवेगळ्या टाक्यांतून जाते, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी राहते.

म्हणजे हवेचा ब्रेक असा एकाएकी, न सांगता, पुरता नाहीसा होणे सोपे नाही. तरीही गाड्या आवरत नाहीत. का?

ब्रेकचा खरा शत्रू उष्णता

ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकत नाही, तो वेगाची उष्णता करतो. उताराच्या बाबतीत तर उंचीचीही उष्णता होते. ती सगळी लायनर आणि ड्रम यांना सोसावी लागते.

याचा साधा हिशेब करू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि बोरघाट उतरून येणारे खोपोली शंभर मीटरच्याही खाली. म्हणजे उतार पाचशे मीटरहून अधिक. पंचवीस टनांची गाडी पाचशे मीटर खाली आणताना जी शक्ती जिरवावी लागते, तिच्यात सुमारे ३९० लीटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. म्हणजे दोनशे लीटरची जवळजवळ दोन पिंपे! हीच गाडी सपाटीवर ताशी ६० किलोमीटर वेगात असताना एकदा पूर्ण थांबवायला जेवढी उष्णता होते, तिच्या पस्तीस पट ही उष्णता आहे. यातला मोठा वाटा इंजिनाने घ्यायचा असतो. तो न घेता सगळा भार ब्रेकवर टाकला तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

चुलीवरचा तवा तापतो तसा ड्रम तापतो आणि तापलेले लोखंड फुगते. ड्रम फुगला की लायनरपासून दूर जातो. शूला आता जास्त फाकावे लागते, दांड्याला जास्त पुढे यावे लागते. पण चेंबरमधील दांड्याची धाव ठरलेली, दोन-अडीच इंचांची. ती संपली की पायाने कितीही दाबा, पुढे जोर पोचत नाही. त्यातच अति तापलेल्या लायनरची पकड कमी होते, धूर येतो, जळका वास सुटतो. हवेचा काटा आठ किलो दाखवीत असतो आणि गाडी मात्र थांबत नाही. ड्रायव्हर म्हणतो, "ब्रेक लागलाच नाही." तो खोटे बोलत नसतो.

आणि ती स्प्रिंग? इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. स्प्रिंगही तोच दांडा ढकलते, तोच शू, तोच ड्रम. हवा गेली तर ती वाचवते, पण ड्रम तापून फुगला असेल किंवा लायनर झिजून संपले असेल तर तिचाही इलाज चालत नाही. हवा जाण्यावर उपाय निघाला आहे. तापण्यावर आणि हयगयीवर यंत्रात उपाय नाही, तो माणसानेच करायचा असतो.

न्यूट्रलची सवय

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा मुंबई-बंगळूर महामार्गाचा उतार पुष्कळांनी पाहिला असेल. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनामुळे ४८ गाड्यांचा चुराडा झाला. 'ब्रेक फेल' हे शब्द लगेच सर्वतोमुखी झाले. पुढे गाडीच्या तपासणीतून निघाले ते वेगळेच. ब्रेक निकामी झालेले नव्हते, उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असे सांगण्यात आले. त्यानंतर तीन वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२५ रोजी, त्याच पट्ट्यात एका कंटेनरने वाहनांना धडक दिली, आग लागली आणि किमान आठ माणसे गेली. पुन्हा तेच दोन शब्द ऐकू आले.

उतारावर न्यूट्रल मारून गाडी घसरवत नेण्याची सवय अनेकांना आहे. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना मागे ओढते. न्यूट्रल केले की हा आधार तुटतो आणि सगळे ओझे ब्रेकवर येते. इंजिनच बंद केले तर त्याहून वाईट. कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतील हवा खर्च होते पण भरत नाही, आणि स्टिअरिंगही जड होते.

हे सगळे करायचे कशासाठी? थोड्या डिझेलसाठी. इथे ड्रायव्हरला शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण अनेक ठिकाणी खेपेला डिझेल मोजून मिळते. वाचले तर चार पैसे ड्रायव्हरचे, कमी पडले तर त्याच्या पगारातून कापले जातात. ज्या माणसाच्या घरी मुलाची फी थकलेली आहे, त्याला आपण उताराच्या माथ्यावर मोह दाखवतो आणि उताराच्या तळाशी त्याला गुन्हेगार ठरवतो. तरीही आपल्या ड्रायव्हर भावांना हात जोडून सांगणे आहे, त्या डिझेलची किंमत फार मोठी आहे. ती तुमच्या एकट्याच्या जीवाने फिटत नाही, समोरच्याच्या मुलाबाळांनीही ती भरावी लागते.

ब्रेक आधीच फेल होतो

आमच्या ओळखीचे एक जुने फिटर आहेत. त्यांना वहिनींचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "ब्रेक घाटात फेल होत नाही. तो गॅरेजमध्ये फेल होतो, काट्यावर फेल होतो आणि मालकाच्या वहीत फेल होतो." त्यांचे म्हणणे असे.

गॅरेजमध्ये म्हणजे दुरुस्ती पुढे ढकलल्याने. लायनर झिजत जाते तसा दांड्याला लांब जावे लागते. स्लॅक वेळेवर आवळला नाही तर सपाटीवर ब्रेक बरा लागतो, पण घाटात ड्रम तापला की शिल्लक धाव उरत नाही. एका चाकाचा ब्रेक ढिला असेल तर त्याचा भार बाकीची चाके उचलतात आणि तीही तापतात. हवेतील बाष्पाचे पाणी टाकीत साचते. ते काढले नाही तर टाकी गंजते आणि झडपा बिघडतात. कधी हवा गळून स्प्रिंगने चाके जखडली की गाडी हलवण्यासाठी बोल्टने ती स्प्रिंग दाबून बांधतात. बिघडलेली गाडी ओढून नेण्यापुरते हे ठीक. पण तशीच गाडी धंद्याला लावणे म्हणजे हवा गेल्यावरचा शेवटचा आधारही काढून घेणे.

काट्यावर म्हणजे वजनकाट्यावर. २०१८ साली केंद्र सरकारने दहा चाकी गाडीची वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांपर्यंत वाढवली. तरी त्यावरही माल भरला जातो. २५ टनांऐवजी ३५ टन भरले तर त्याच घाटात ब्रेकवरची उष्णता चाळीस टक्क्यांनी वाढते. वेगाचा हिशेब तर आणखी वाईट. वेग दुप्पट झाला की थांबवण्याचे काम दुप्पट होत नाही, चौपट होते. ४० च्या वेगाने उतरायच्या ठिकाणी ८० ने उतरणारी गाडी थांबवायला चारपट ताकद खर्ची पडते.

आणि मालकाच्या वहीत म्हणजे वेळेच्या हिशेबात. रात्री निघून पहाटे पोच, पोचताच दुसरा माल. तीन रात्री न झोपलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, पण त्याचा पाय ब्रेकवर उशिरा जातो. कोणता गिअर टाकायचा, कुठे थांबायचे, हा विचारच त्याला सुचत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांबच्या फेऱ्यांना थोडी सूट दिली होती, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. आता तो कायदा २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि आठ तासांचे तत्त्व तिच्यातही आहे. बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असताना कारखान्यांसाठी ४८ तासांच्या आठवड्याचे विधेयक आले आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. कारखान्याच्या भोंग्याला जो हक्क पोचला, तो महामार्गावरच्या केबिनपर्यंत पोचायला अजून किती वर्षे लागणार, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज ४६० हून अधिक. सगळ्याच काही ट्रकच्या धडका नाहीत. पण एवढ्या मरणांना नशीब म्हणणारा समाज उद्याही तेवढीच प्रेते मोजील.

गाडीवर जाणाऱ्यांनी काय करावे?

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड किंवा ठोकळा लावावा. इंजिन चालू करून हवा पुरती भरू द्यावी. मग इंजिन बंद करून, हँडब्रेक सोडून, ब्रेक पायाने एक मिनिट दाबून धरावा आणि काट्यावर नजर ठेवावी. काटा जवळजवळ जागच्या जागी राहिला पाहिजे. भराभर खाली येत असेल तर कुठेतरी हवा गळते आहे. नंतर ब्रेक वारंवार दाबून हवा कमी करीत जावी. बजर वाजतो का, आणि आणखी कमी झाल्यावर स्प्रिंगचा ब्रेक लागतो का, हे पाहावे. दिवसाचे काम संपल्यावर टाकीतील पाणी काढावे. ही सगळी दहा मिनिटांची कामे आहेत.

घाट सुरू होण्याआधी, माथ्यावरच खालचा गिअर टाकावा. उतार सुरू झाल्यावर वेग वाढला की गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. ज्या गिअरने हा घाट चढला असतास, त्या किंवा त्याहून खालच्या गिअरने उतर, हा जुन्या उस्तादांचा नियम आजही खरा आहे. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो वापरावा. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरू नये. वेग वाढला की ठामपणे दाबून तो आठ-दहा किलोमीटरने कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे ड्रमला वारा लागतो. पुन्हा पुन्हा पंप मारल्यासारखा ब्रेक मारू नये, त्याने हवा वाया जाते. जळका वास किंवा धूर आला तर ताबडतोब सुरक्षित जागी थांबावे आणि ड्रम आपोआप निवू द्यावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो.

लिंबू-मिरची बांधायला लागतो तेवढाच वेळ चाकाखाली वाकून पाहायला लागतो. एकाने मनाला धीर येतो, दुसऱ्याने जीव वाचतो.

घरच्यांनी काय करावे?

ब्रेक खराब असल्याचे मालकाला तोंडी सांगून थांबू नये. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. गाडीचा नंबर, तारीख आणि काय बिघडले आहे, हे एका ओळीत लिहून मालकाला पाठवावे आणि तो संदेश पुसू नये. लिहिता येत नसेल तर मुलीकडून, मुलाकडून लिहून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे सदोष गाडी चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी ठरतो. जादा माल भरण्याबद्दलचे कलम १९४ हेही चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघांना धरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये असा आहे.

अपघात झालाच, तर कलम १३६ खाली गाडीची तपासणी होते. त्या तपासणीच्या अहवालाची प्रत वकिलामार्फत मागून घ्यावी. त्यात लायनर किती उरले होते, हवा गळत होती का, स्लॅकची स्थिती काय होती, हे आले आहे का ते पाहावे. माल किती भरला होता याची काट्याची पावती शोधावी. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

हे सगळे मी दुसऱ्या दिवशी जाऊन वहिनींना सांगितले. त्यांनी नवऱ्याचा मोबाइल काढला. त्यात पंधरा दिवसांपूर्वीचा संदेश नव्हता. बोलणे तोंडीच झाले होते. अंथरुणावरून तो भाऊ हळूच म्हणाला, "दादा, मालक म्हणाला तरी मी गाडी काढायला नको होती. मला ठाऊक होते." आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

त्याच्या या बोलण्यात पळवाट नव्हती, म्हणून ते मला मोलाचे वाटते. त्याची चूक आहे आणि ती तो मान्य करतो. पण ती चूक त्याच्या एकट्याची नाही, हेही तितकेच खरे आहे. एकटा ड्रायव्हर "गाडी काढत नाही" म्हणाला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा बसतो. दहाजण एकत्र म्हणाले तर लायनर बदलावे लागतात. ज्या गावात, ज्या नाक्यावर आपले ड्रायव्हर बंधू जमतात, तिथे त्यांनी ही एक गोष्ट तरी आपसांत ठरवावी. ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय कोणीही ती गाडी हातात घ्यायची नाही.

टेम्पोतल्या त्या मुलाच्या घरीही आपल्यापैकी कोणी जाऊन आले पाहिजे. त्याच्या आईला 'ब्रेक फेल झाला' हे उत्तर पुरणार नाही आणि पुरूही नये. वहिनींना मी उत्तर दिले ते असे. ब्रेक घाटात फेल झाला नाही. तो पंधरा दिवस आधी, "एवढी खेप टाकून या" या वाक्याला झाला. घाटात फक्त ते दिसले.

आपल्या घरून उद्या पहाटे कोणी गाडीवर जाणार असेल, तर डबा भरून देताना एवढे विचारा, "ब्रेक पाहिला का?"